नंदाची संभाव्यता

हसायचं नाही, एवढं आधी कबूल करा, तरच सांगते. मी वडवणीत पोरांना गणित शिकवते, आणि गणितातच माझी अशी फजिती झाली!

आम्ही दहावीला होतो त्या वर्गाचा मेळावा ठरला. सकाळी शाळेत सरांचा सत्कार, दुपारी तेलगावला आमच्याच वर्गातल्या बाळूच्या शेतात हुरडा. मला सत्काराचं कौतुक नव्हतं की हुरड्याचं. मला नंदा हवी होती! एका बाकावर बसायचो आम्ही. लग्न होऊन ती कडा गावाला गेली आणि भेटच तुटली. इतकी आठवण यायची, की वर्गात दोन मुली कुजबुजल्या तरी मला रागावता यायचं नाही.

बाळूला फोन लावला. "नंदा येणार हाय का रे?"

"नावं कुठं ध्यानात राहत्यात, सविता मॅडम? हुरड्याला चोवीस जण, सत्काराला अठरा. नंबर देतो, तूच इचार की तिला!"

मी तोवर बेरीज केली होती. बेचाळीस! अन् वर्गात आम्ही होतो चाळीस. म्हणजे नंदा येण्याची संभाव्यता बेचाळीस भागिले चाळीस. एकाहून जास्त! पोरांनी असं उत्तर काढलं तर मी सरळ भोपळा देते. पण तेव्हा मला काय वाटलं माहितीये? नंदा येणारच, वर थोडी जास्तच येणार!

"नंबर कशाला? ती आलीच समज!"

मग काय! नवी साडी, पहाटे उठून धपाटे, शेजारची खुर्ची पर्स ठेवून अडवलेली. सत्कार झाला, नंदा नाही. म्हटलं, हुरड्याला येईल. हुरडा संपला, चटणी संपली, नंदा नाही!

"बाळू, बेचाळीस जण कुठं हायत रे?"

"बेचाळीस कावून? अकरा जण दोन्हीकडं हायत की! समदे मिळून एकतीस."

अकरा जणांना मी दोनदा मोजलं होतं. नऊ जण येणारच नव्हते, आणि त्यांत माझी नंदा. मला रडूच फुटलं. बाळूनं तिथूनच तिला फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

"नंदे, आली कावून न्हाईस गं?"

"कुणाच्या भरवशावर येऊ? म्हणलं, सविताचा फोन आला की हो म्हणते. फोन उशाला घेऊन निजत होते. तू कावून केला न्हाईस?"

आता तिला कोणत्या तोंडानं सांगू, की माझ्या गणितात ती केव्हाच येऊन बसली होती?