मनुहारीचे दीडशे

लग्नाच्या पंगतीत पर्समधून वजनकाटा काढणारी बाई मी एकच पाहिली. शैलाताई. मूळच्या कोल्हापूरच्या, जयपूरच्या एका कॉलेजात तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. मी त्याच कॉलेजात ग्रंथपाल. त्यांनी ताटातली कोरडी बाटी तळहाताएवढ्या काट्यावर ठेवली, आकडा वाचला आणि वाढप्याकडून ती तुपात बुडवून घेतली. मग पुन्हा काट्यावर. "बावीस ग्रॅम तूप प्याली," त्या मला म्हणाल्या, "म्हणजे दोनशे कॅलरी. बाटी न्हवं, म्हैस हाय ही." वाढप्याला इतका रस वाटला की दुसरी बाटी किती पिते हे पाहायला तो तिथेच थांबला. मागची पंगत रोट्यांसाठी ओरडत राहिली.

हे सगळं गुडघ्यांसाठी होतं. सहा किलो उतरवा, मगच शस्त्रक्रिया, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. शास्त्री नगरात आम्ही एकाच इमारतीत राहायचो. त्या तळमजल्यावर, मी तिसऱ्या. लिफ्ट नाही. दोन वर्षं त्या माझ्या घरी आल्या नव्हत्या. "तू थर्मास घेऊन खाली येतीस, मला हॉस्पिटलात पडल्यागत वाटतंय," त्या म्हणायच्या. "तुझ्या घरात, तुझ्या पुस्तकांत बसून चहा प्यायचाय मला."

वय, उंची, वजन आणि दिवसभराचं बसणं मांडून त्यांनी शरीराचा रोजचा खर्च काढला: सोळाशे कॅलरी. त्यातून तीनशे वजा, खायचे तेराशे. खाल्लेलं सगळं त्या वहीत मांडायच्या. पाचशे वजा केले तर लवकर होईल ना, असं मी भीतभीत सुचवलं. "घाईनं गेलेलं वजन रुसून माहेरी गेलेल्या सुनेगत असतंय. दुप्पट सामान घेऊन परत येतंय."

पण दहा आठवडे झाले तरी काटा ढिम्म. त्यांनी आधी काट्यावर संशय घेतला, मग सूत्रावर, शेवटी जयपूरच्या पाण्यावर. अखेर एका रविवारी मला समोर बसवलं. तुझी ग्रंथपालाची नजर, म्हणाल्या, दिवसभर माझ्या पोटात काय आत आलं ते बघ.

मी बघितलं. शेजारच्या पुष्पाजी कचोरी घेऊन आल्या आणि तुकडा मोडून थेट शैलाताईंच्या तोंडात घातला. इकडे याला मनुहार म्हणतात. पाहुण्याला आपल्या हातानं भरवायचं, आणि तो हात परत पाठवणं म्हणजे अपमान. दुपारी एक जुनी विद्यार्थिनी आली, तिनं पेढा भरवला. संध्याकाळपर्यंत अकरा घास झाले. वहीत एकही नव्हता.

मी ते सांगितलं, तर त्या अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "ते मी कुठं खाल्लं? त्यांनी घातलं."

मग स्वतःचंच वाक्य त्यांच्या कानात शिरलं असावं. त्या हसू लागल्या, चष्मा काढून हसल्या, मलाही हसता हसता ठसका लागला. पुष्पाजी काय झालं ते पाहायला आल्या आणि जाताना आणखी एक तुकडा भरवून गेल्या.

आता त्यांना नाही म्हणा, असं मी सुचवलं. शैलाताईंनी मान हलवली. "न्हाई. हात पुढं आला की तोंड उघडायचं. जागा आपण करायची." त्यांनी वही ओढली. तेराशेतले दीडशे मनुहारीला बाजूला काढले, नाश्ता तेवढा कमी केला आणि पुष्पाजींना मर्यादा कळवली. पुष्पाजींनी ती मनावर घेतली. चिमणीच्या घासाएवढा तुकडा मोडायच्या आणि आधी विचारायच्या, "कितना बचा, बहनजी?"

सहा किलो उतरायला सात महिने लागले. शस्त्रक्रिया झाली. पुढच्या वसंतात त्या बावन्न पायऱ्या मोठ्यानं मोजत वर आल्या, माझ्या कपाटासमोर बसल्या आणि दोन चमचे साखरेचा चहा मागितला. "साखरेच्या बत्तीस," म्हणाल्या. "मांडून ठेव."

गेल्या वर्षी एका दुपारी, वाचता वाचता, हृदय थांबून त्या गेल्या. तेराव्याच्या जेवणात पुष्पाजी लाडवाचा तुकडा घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. असा हात आला की मी आयुष्यभर संकोचानं तोंड फिरवत आले. त्या दिवशी उघडलं.

पुष्पाजींचे डोळे भरले होते, तरी त्यांनी विचारलंच, "कितना बचा?"

तोंडातला लाडू गिळून मी म्हटलं, "पूरे डेढ़ सौ."

आम्ही दोघी हसलो. त्यांनी दुसरा तुकडा मोडला.