कापलेल्या कॉइलचा हिशेब

पाटीवर २३० व्होल्ट आणि १००० वॅट लिहिलेल्या शेगडीचा रोध किती? या एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे, म्हणून लिहायला बसलो. व्होल्टचा वर्ग करावा, त्याला वॅटने भागावे. साधारण ५३ ओहम येतात.

हे गणित आमच्या विज्ञानाच्या बाई शिकवीत. कोणाच्याही घरी गेल्या, की आधी इस्त्री उलटी करून तिची पाटी वाचत. माझी आई म्हणे, "पाहुणी आली का मीटर पाहनारी?"

"आधी पाटी, मंग चहा, काकू."

राळेगावकडच्या आमच्या शाळेच्या वसतिगृहात मुलींचे दूध कॉइलच्या शेगडीवर तापे. शेतातल्या मोटारी सुरू झाल्या, की व्होल्टेज १६० वर उतरे आणि दूध कोमटच राही. अधीक्षकांनी गावोगावी चालतो तोच उपाय केला. कॉइल अर्धी कापली, उरलेली ताणून बसवली.

"झाले ना हजार वॅट? तुमचंच सूत्र लावलं, मॅडम!"

हिशेब बरोबर होता. तार अर्धी, म्हणून रोध अर्धा. १६० व्होल्टला जवळपास हजारच वॅट.

"अन् मोटारी बंद झाल्यावर?" बाईंचा आवाज चढला. "२३० आले का दोन हजार वॅट होतात, भाऊ! ही वायर झेलन काय?"

"कायले घाबरवता? आजवर काही झालं काय?"

संध्याकाळ होती, मोटारी नुकत्याच थांबल्या होत्या. बाईंनी प्लग उपटला आणि अधीक्षकांचा हात वायरवर ठेवला. प्लास्टिक मऊ पडले होते. ती वायर ज्या भिंतीवरून गेली होती, तिलाच टेकून मुलींच्या गाद्या रचलेल्या होत्या.

"माह्या पोरी झोपतात इथं!" एवढे बोलून त्या शेगडी निवेपर्यंत तिथेच थांबल्या, मग ती काखेत मारून निघाल्या.

चौकशी झाली, ती शेगडी का नेली याची. कॉइल का कापली, हे कोणीही विचारले नाही. बाईंची बदली पार पुसदकडे झाली. निरोपाचा नारळ अधीक्षकांनीच दिला, तोही हसत.

आज तिथे नवी शेगडी आहे. तिचीही कॉइल कापलेली आहे. मी वर कळवले आहे. कोणी फिरकले नाही.

तुमची मुलगी वसतिगृहात असेल, तर तिथल्या स्वयंपाकघरात जा. शेगडीची पाटी वाचून रोध काढा. मग प्लग काढून, कॉइल थंड झाल्यावर तो मीटरने मोजा. दोन्ही आकडे जुळतात का, ते कृपया स्वतः तपासा.