अबू हमूरच्या रस्त्यावर काढलेलं पेट्रोल

पोलीस खात्यात माझी उभी हयात चोर ओळखण्यात गेली. पण जी केस आजही मनातून जात नाही, ती खाकी उतरवल्यानंतरची आहे आणि तीही पार कतारमधली.

निवृत्तीनंतर मी दोहातल्या एका बांधकाम कंपनीत सुरक्षा अधिकारी म्हणून लागलो. फुटबॉलच्या वर्ल्ड कपची तयारी जोरात होती. शहरभर खोदकाम चाललेलं, काल गेलो तो रस्ता आज बंद. मी आणि आमच्या सौ. ओल्ड एअरपोर्ट भागात फ्लॅट घेऊन राहत होतो. काम म्हणजे गेट, गाड्यांची झडती आणि सकाळची हजेरी. ठाण्यातली एक सवय मात्र मी सोडली नव्हती. ड्यूटीवर आलो की आधी वॉचमन आणि ड्रायव्हर लोकांशी गप्पा मारायच्या. निम्मे गुन्हे तिथेच उघड होतात.

जानेवारीतली गोष्ट. वाळवंटातल्या थंडीवर आपल्याकडे कुणी विश्वास ठेवत नाही, पण पहाटे दात वाजतात आणि धुक्यात पुढची गाडी दिसत नाही. अशाच एका सकाळी आमच्याच एका ड्रायव्हरने मला बाजूला घेऊन खबर दिली. दोहातल्याच अबू हमूर भागातल्या सर्व्हिस रोडवर कंपनीची पिकअप उभी होती आणि तिचा ड्रायव्हर नळी लावून टाकीतलं पेट्रोल डब्यात काढत होता. धुक्यामुळे त्यापुढचं त्याला दिसलं नव्हतं.

ज्याच्याबद्दल खबर होती तो बीडकडचा. पोरं त्याला भाऊ म्हणत. शिस्तीचा, अबोल माणूस. त्याची एकच चैन होती. तो रोज सुलेमानी, म्हणजे बिनदुधाच्या गोड चहाचा भला मोठा थर्मास भरून आणायचा आणि दहाच्या सुट्टीत सगळ्यांना पाजायचा. धाकट्या भावालाही त्यानेच इथे आणून याच कंपनीत चिकटवलं होतं.

त्याला समोर बसवलं. तोंडाला पेट्रोलचा वास येत होता. गाडीची झडती घेतली तर सीटमागे नळी आणि रिकामा डबा. आता याहून उघडा गुन्हा कुठला?

"पेट्रोल म्याच काढलं, साहेब," तो म्हणाला. "पण चोरी नाही केली."

"मग कुणाला दिलंस?"

यावर तो गप्प. मी दरडावून पाहिलं, गोडीत विचारलं, पाणी दिलं, मुद्दाम एकट्याला बसवून ठेवलं. सगळे जुने डाव झाले, पण गडी हलेना. मॅनेजरने फार वेळ घेतला नाही. खलास म्हणाला, परतीचं तिकीट काढा याचं. भाऊने तेवढं ऐकलं आणि पहिल्यांदाच त्याचा चेहरा उतरला. नोकरीचं जाऊ द्या, म्हणाला, पण गावात चोर म्हणून जायचं आणि धाकट्याने इथे चोराचा भाऊ म्हणून राहायचं, एवढं नका करू. मी म्हटलं, मग खरं सांग. तर पुन्हा मान खाली.

मला रागच आला. पण माझा अनुभव असा की चोर भरपूर बोलतो. त्याच्याकडे तीन गोष्टी तयार असतात, एक नाही पटली तर दुसरी. हा एकही थाप मारत नव्हता. मी मॅनेजरकडून कशीबशी दोन दिवसांची मुदत मागून घेतली.

धागा मिळाला तो चहाच्या सुट्टीत. एक सुतार कुरकुरत होता की काल एवढी थंडी आणि नेमका कालच भाऊचा थर्मास रिकामा. मी कान टवकारले. भल्या पहाटे भरलेला थर्मास दहाच्या आत एकट्याने संपवायला तो काय उंट आहे? भाऊला विचारलं, "चहा कुठे गेला रे?" पेट्रोलला न डगमगलेला माणूस चहाच्या नावाने दचकला.

मग मी त्या रस्त्याजवळचा पंप गाठला. इथेही पेट्रोल भरतात पंपावरची माणसंच, आपण गाडीतून उतरायचंही नाही. एका पोऱ्याला आदल्या सकाळची गोष्ट पक्की आठवत होती. दव आणि धूळ मिळून गारा होतो, आणि त्याने एका छोट्या पांढऱ्या गाडीचं टाकीवरचं झाकण घट्ट बसलं होतं. काही केल्या उघडेना. मागे रांग, हॉर्न, सगळ्यांचं यल्ला यल्ला, म्हणजे चला चला. शेवटी त्यांनी गाडी बाजूला घ्यायला सांगितली, तर आतल्या मॅडम तशाच पुढे निघून गेल्या. काचेवर आमच्याच कंपनीच्या वसाहतीचं स्टिकर होतं.

वसाहतीत ती गाडी लगेच सापडली. आमच्या एका नाशिकच्या इंजिनिअरची. तो महिनाभर रजेवर भारतात गेलेला, बायको इथे एकटी, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला. मी पेट्रोलच्या झाकणावर बोट फिरवलं तर बोट चिकटलं. साखरेचा चहा! इतका गोड पुरावा मला उभ्या नोकरीत मिळाला नव्हता.

आता डोक्यात प्रकाश पडला, गडी कुणाचं नाव झाकत होता ते कळलं. पण लोक बोलतील म्हणून त्या बाईंच्या दारात मी एकटा गेलो नाही, सौ.ना बरोबर नेलं. बेल वाजवताना सौ. हसल्या आणि म्हणाल्या, "तुमच्यात आणि त्या भाऊत फरक काय हो?"

बाईंनी सगळं सांगितलं. पहाटेच्या ड्यूटीला जाताना पेट्रोल संपून गाडी बंद पडली. धुक्यातून हा माणूस आला, लांब उभा राहिला, "ताई, काय झालं?" म्हणाला. झाकणाच्या कडेने गरम चहा ओतून ते उघडलं, पेट्रोल घातलं आणि नाव न सांगता गेला. भाऊच्या नोकरीवर बेतल्याचं ऐकून त्या ताडकन उठून उभ्या राहिल्या. सौ.नी हळूच विचारलं, लोक काही बोलले तर?

"बोलू देत की. मी ह्यांना त्याच दिवशी फोनवर सगळं सांगितलंय. त्यात लपवायचं काय?"

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः मॅनेजरसमोर आल्या आणि जबाब दिला. तिकीट रद्द झालं. मी भाऊला म्हटलं, अरे शहाण्या, नळी तोंडात धरून पेट्रोल गिळण्यापेक्षा त्यांना गाडीत बसवून सोडायचं नाही का?

"बाईमाणूस एकटी, साहेब. गाडी ओळखली म्या, इंजिनिअर साहेबांची, आणि ते गावाकडं गेलेले. कुणी पाहिलं असतं तर ह्या साइटवर त्यांचं नाव बदनाम झालं असतं." मग अगदी साधेपणाने म्हणाला, "माझं काय, म्या गेलो असतो परत."

आयुष्यभर मी हेच धरून चाललो की गप्प बसणारा काहीतरी लपवतो. ते खरंच आहे. पण कुणासाठी लपवतो, हेही विचारावं, हे मला त्या माणसाने शिकवलं. अडाणी म्हणा, जुन्या वळणाचा म्हणा, मला तो फार मोठा वाटला आणि आजही वाटतो.

त्या दिवशी दहाच्या सुट्टीत ताईंनी घरून चहा भरून आणला होता. भाऊच्या हातात कप देत त्या म्हणाल्या, "भाऊ, पुढच्या वेळी सरळ गाडीत बसवायचं."

भाऊने जरा विचार केला. "बसवीन, ताई," तो म्हणाला. "पण मागच्या सीटवर."