बारा खाटा आणि जर्मनी

"जग गेलं चुलीत, तू हात दे." मनगटावर दोन बोटांनी टिचक्या मारत सिस्टर असं म्हणायच्या, आणि पेशंट घाबरायच्या आत सुई आत गेलेली असायची.

समता कॉलनीतल्या आमच्या बारा खाटांच्या दवाखान्यात जाणत्या नर्स त्या एकट्याच. बाकी दोन शिकाऊ पोरी. मी काउंटरवर. म्हणजे पावत्या फाडायच्या आणि देशाच्या प्रगतीवर बोलायचं.

एका मेळाव्यात पाहुणे म्हणाले, आता भारत साऱ्या जगाला नर्स पुरवणार. मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. शेजारी सिस्टर.

"जगाले देऊन राहिले ते ठीक, भाऊ. आपल्या खाटांले कोण देईन?"

मी टाळ्या आणखी जोरात वाजवल्या.

आणि सहा महिन्यांनी त्यांनीच जर्मनीतल्या नोकरीचा फॉर्म भरला! मी चक्रावलो. "तुमीच?"

"पोट्टीले डॉक्टर करायचं हाये, भाऊ. इथल्या पगारात तिचा पांढरा कोट तेवढा येईन."

त्यांच्या कामाच्या चौकशीचा जर्मनीहून फोन माझ्याकडे यायचा होता. आमचे डॉक्टरसाहेब हळूच म्हणाले, "भैया, कुछ ऐसा बोलना कि वो लोग मना कर दें."

खोटं बोलायची मला भीती वाटते. म्हणून खऱ्याच तक्रारी करायच्या ठरवल्या. मोडक्या इंग्रजीत सांगितलं, सिस्टर डॉक्टरांनाही रागावतात. ड्युटी संपली तरी पेशंटला झोप लागेपर्यंत घरी जात नाहीत. औषधाचं नाव तीनतीनदा वाचतात, फार वेळ घालवतात. तिकडची बाई प्रत्येक वाक्याला "व्हेरी गुड" म्हणत होती. मला वाटलं, माझं इंग्रजी आवडलं.

पंधरा दिवसांत निवडीचं पत्र आलं.

"तुमच्या शब्दानं झालं, भाऊ," सिस्टर म्हणाल्या. हातावर पेढा ठेवला आणि डोळे पुसले. मी पेढा खाल्ला. तेव्हा मला अभिमान वाटत होता की चोरी पकडली गेल्यासारखं, ते तुम्हीच सांगा. माझं अजून ठरत नाही.

परवा एक म्हातारे काउंटरशी आले. बायकोचं सलाईन संपत आलेलं. मी शिकाऊ पोरीला हाक मारली. ती दुसऱ्या पेशंटपाशी अडकलेली.

"बड़ी सिस्टर कहाँ हैं, भैया?"

"जर्मनी में."

"हव," मान डोलावत ते म्हणाले. त्यांना तो वरच्या मजल्यावरचा वॉर्ड वाटला असावा. जिन्याकडे तोंड करून ते बाकावर बसून राहिले.