अंगठ्याला साक्षीदार

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आजवर तोंडावर हसत आलोय. शाळेत विज्ञान शिकवलं, पुराव्याशिवाय बोलायचं नाही हा माझा खाक्या. म्हणून हे लिहिताना माझीच मला लाज वाटतेय... पण घडलं ते घडलं.

बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष झालं असेल. मी कर्जतला शिक्षक, भाड्याच्या खोलीला विटलेला. नामदेवराव म्हणून एकांचं दोन खोल्यांचं घर विकायला होतं. बायकोच्या पाटल्या मोडून मी इसार देऊन बसलो होतो. घर त्यांच्या वारलेल्या वडिलांचं, म्हणजे काष्टीला दिलेल्या बहिणीचा, सरूबाईंचाही त्यात हिस्सा. वकील म्हणाले, "बहिणीची संमती आणा. नाहीतर उद्या घरही जाईल आणि पाटल्याही."

नामदेवराव उखडले. "बहिनी कुठं हिस्सा मागत्यात व्हय गुरुजी? साडीचोळी केली की मिटलं! काष्टीला जाऊ नगा."

मी कसला ऐकतोय! संमतीपत्र आणि शाईचा पॅड घेऊन एकटाच एसटीनं काष्टीला गेलो. भर दुपार, बाजाराचा दिवस. विचारत विचारत घर गाठलं, तर उंबऱ्यात एक बाई बसलेली.

"सरूबाई?"

"व्हय, मीच. पोरगं बाजाराला गेलंय."

मी काम सांगितलं. म्हणाली, "आदी वाचून दावा." सगळा कागद वाचला. "भाऊ सोता आला न्हाई..." एवढंच बोलली आणि अंगठा पुढं केला. तो मी माझ्या हातानं धरून कागदावर टेकवला. हात उबदार होता, हे मी शपथेवर सांगतो! अंगठ्यावर आडवा व्रण होता, तो ठशातही उमटला.

वकिलांनी कागद पाहून कपाळाला हात लावला. "साक्षीदार कुठाय? अंगठ्याला साक्ष नको?" मी एवढा शहाणा, आणि नेमकं हेच विसरलो. पुढच्या आठवड्यात पुन्हा काष्टी. या वेळी मुलगा दत्तू घरी होता. त्याला म्हटलं, "आईच्या अंगठ्याखाली साक्षीदार म्हणून सही कर."

"कुनाच्या? आई जाऊन वरीस झालं, गुरुजी. दुष्काळी कामावरच गेली."

दुसरीच कोणी बाई असेल, नामदेवरावांनी बसवली असेल... मी कागद पुढं केला. दत्तूनं ठशातल्या व्रणावर बोट ठेवलं.

"खडी फोडताना हातोडी बसली हुती... हितंच."

पुढं नामदेवरावांनी कबूल केलं. बहीण गेल्याचं त्यांनी मुद्दाम लपवलं होतं, भाच्याची सही लागू नये म्हणून. ठशाचं ऐकून मात्र तेही पांढरेफटक पडले. बाई बसवली असती, तर मला काष्टीला जाऊ नका म्हणून भांडले कशाला असते? त्या दुपारी मी कोणाचा हात धरला, ते आजतागायत मला कळलेलं नाही.

महिन्याभरानं दत्तू कर्जतला आला. नव्या कागदावर त्यानं सही केली, हिश्श्याबद्दल चकार शब्द काढला नाही. बाहेर आल्यावर मला बाजूला घेतलं.

"गुरुजी, आई... बरी दिसत हुती का?"

"हो रे," मी म्हणालो. "चांगली दिसत होती."

खोटं बोलावं लागलं नाही.