मुलगी पाहायला गेलो आणि तीन पत्ती खेळलो

मुलगी पाहायला जाण्याआधी लोक दाढी करतात, शर्टाला इस्त्री करतात. मी तीन पत्ती शिकलो.

झालं असं, की बाळापूरजवळच्या आमच्या गावाहून निघून मी तोवर तीन घरी मुली पाहून आलो होतो, आणि तिन्ही घरून पोहे खाऊन परतलो होतो. पोहे उत्तम होते, तक्रार नाही. पण कपाशीचं काही खरं राहिलं नव्हतं, पेपरात रोज आमच्याच भागातल्या एखाद्या गावाचं नाव यायचं, आणि प्रत्येक मुलीच्या बापाचा पहिला प्रश्न एकच असायचा, "पोरगा नोकरीवर हाय का?" पोरगा बी.ए. होता, निर्व्यसनी होता, दिसायलाही बरा होता (हे मीच सांगतो आहे, तेव्हा अर्धं धरा). पण शेती करत होता. चौथं स्थळ नांदगाव खंडेश्वरचं आलं तेव्हा मध्यस्थ माझ्या कानाला लागला.

"हे शेवटचं समज. पुढच्या साली तुले कोणी अंगणातही उभं नाई करन. आन आइक, पोरीचा मामा पत्त्याचा शौकीन हाय. पोराले तीन पत्तीले बसवते. म्हणते, माणूस पत्त्यात समजते."

आमच्या घरात पत्ते म्हणजे पाप. वडील तर पत्त्याचा जोड दिसला तरी चप्पल घालून बाहेर जायचे. मी गेलो बाळापूरला, गाद्या भरणाऱ्या एका चाचांकडे. आमच्या घरच्या सगळ्या गाद्या त्यांच्याच हातच्या. दोन दुपारी त्यांच्या दुकानात पिंजलेल्या कापसाच्या ढिगाला टेकून मी विद्यार्जन केलं.

"हर एक कू तीन पत्ते, बस," चाचा म्हणाले. "सबसे बडी ट्रेल. तीनों एक जैसे."

तिच्या खाली एकाच रंगाची ओळीनं आलेली तीन पानं. त्याच्या खाली ओळीनंच, पण रंग कोणताही. मग नुसता एक रंग, मग जोडी. यातलं काहीच नसेल तर ज्याचं पान मोठं तो. पत्ते न पाहता खेळलं तर ब्लाइंड. पाहून खेळणाऱ्यानं त्याच्या दुप्पट लावायचं. दम संपला की "पॅक" म्हणून पत्ते पालथे टाकायचे. दोघंच उरले की कोणीही "शो" मागावा. आणि टाकलेले पत्ते कोणी उलटून बघायचे नाहीत.

"चाचा, ट्रेल हातात असून कोणी पॅक करतं का?"

चाचांनी सुई गादीत खुपसली. "करे तो उसकू डागदर के पास ले जाना."

नांदगावला वडील आणि मध्यस्थ सोबत आले होते. पोहे झाले. मुलगी येऊन बसली, माझ्या वडिलांनी तिला नेहमीचे चार प्रश्न विचारले, ती आत गेली. मामांनी हात पुसले, खिशातून जोड काढला आणि मधे चिंचोक्यांची वाटी ठेवली.

"चाल, बस बाप्पा. येते का?"

"थोडं थोडं," मी म्हणालो. जन्मभर खेळत आलेला माणूस जसं नम्रपणे म्हणेल, अगदी तसं.

खेळणारे आम्ही तिघे: मामा, मुलीचे वडील आणि मी. माझे वडील चप्पल शोधायला उठले होते, पण मध्यस्थानं त्यांना माझ्या मागे बसवून ठेवलं. पहिल्याच डावात मला दोन राजे आले. मी चेहरा दगडाचा केला. फार सुंदर केला होता. तेवढ्यात माझे वडील खांद्यावरून वाकले.

"अरे, दोन दोन राजे आले तुले! चांगलं असते काय हे?"

समोरचे दोघे एकदमच म्हणाले, "पॅक." आतल्या दाराआड कोणीतरी फिसकन हसलं. मध्यस्थानं वडिलांच्या मांडीला असा चिमटा काढला, की त्यानंतर ते फक्त छताकडे पाहत राहिले.

पुढचे डाव मामांचे. ते पत्ते उचलतच नव्हते. ब्लाइंडवर ब्लाइंड लावत होते, मी दुप्पट भरत होतो, आणि मधूनमधून ते प्रश्न टाकत होते.

"शेतीच करशीन का जल्मभर?"

"हो."

"नोकरी कावून नाई पायत?"

"पायली. भेटत नाई."

"आन कपाशी बुडाली तं?"

"तूर हाय."

"तूरही बुडाली तं?"

"मंग दुसऱ्याच्या वावरात जाईन कामाले. खोटं कायले सांगू?"

मामांनी पुढचा चिंचोका उचलला. तेवढ्यात त्यांच्या बहिणीनं, म्हणजे मुलीच्या आईनं, त्यांना आत बोलावलं. आत बायकांचे दबलेले आवाज, मग एक तरुण आवाज, चारपाच शब्दच, पण ठाम. ते चारपाच शब्द कोणते, हे मी बायकोला आजवर बरेचदा विचारलंय. ती सांगत नाही.

मामा येऊन बसले. पत्ते वाटून झाले होते. माझ्याकडे राणी, नव्वी, चौकी. तिघी तीन रंगांच्या, एकमेकींशी ओळख नसलेल्या. पुढ्यात सहा चिंचोके. चौथं स्थळही गेलंच आहे, तर निदान थाटात जावं, म्हणून मी सहाच्या सहा पुढे सरकवले.

मुलीच्या वडिलांनी पॅक केलं. मामांनी या वेळी पत्ते उचलले. पाहिले, नीट जुळवले, मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ.

"पॅक."

जिंकणाऱ्यानं पुढचा डाव पिसायचा. मी पत्ते गोळा करायला घेतले आणि चाचांचा नियम मोडला. मामांची पानं हळूच उलटून पाहिली.

तीन गुलाम.

"मामाजी, हे..."

"काय पायता? पिसा पत्ते."

पायता! पिसा! मघापर्यंत हा माणूस मला "बस बाप्पा" म्हणत होता.

"पण ट्रेल होती तुमची."

"दिसली का तुमाले? बरं झालं," मामा म्हणाले. "आमच्या घरी जवायाले हरवत नाईत."

"कोण जवाई?" वडिलांनी छताकडे पाहतच विचारलं.

यावर मध्यस्थानं काय केलं ते सांगत नाही. ती मांडी आठवडाभर दुखत होती.

जेवण व्हायचं होतं म्हणून आम्ही आणखी चार डाव खेळलो. मी चारही जिंकलो, आणि एकातही मजा आली नाही. शेवटच्या डावात तर मीच पॅक केलं, तरी मामांनी सगळे चिंचोके माझ्याकडे सरकवले.