स्टेडियममध्ये गजूला बैलाने मारलं

आधीच सांगून टाकतो, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस मी नाही. आमच्या गावात कोणाच्या अंगात आलं की लोक मला बोलावून न्यायचे... कारण मी समोर बसून दोन-चार अशा शिव्या हासडायचो की जे काही अंगात आलेलं असेल ते निमूट निघून जायचं. बीएस्सी झालोय, महागावला खता-बियाण्यांचं दुकान आहे आणि तोंड फटकळ आहे. खालचं वाचून कोणाला हसायचं असेल तर खुशाल हसा. तुमच्या जागी असतो तर मीही हसलो असतो.

गाव फुलसावंगीच्या अलीकडे, नाव देत नाही. तिथे माझे काका, काकू आणि चुलत भाऊ गजू कापूस-सोयाबीनची शेती करतात. पण पंचक्रोशीत गजूची ओळख शेतीमुळे नाही. तो शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, जोडी हाकतो. अशा माणसाला आमच्याकडे धुरकरी म्हणतात. गेल्या हंगामात त्याने राजा आणि तुफान अशी नवी जोडी तयार केली होती. राजा गरीब जनावर. तुफान मात्र गजूशिवाय कोणालाही जवळ येऊ देत नसे, काकूने चारा टाकला तरी मान खाली घालून शिंगं दाखवायचा.

काकांच्या घरात एक रीत आहे. पटाचा हंगाम संपेपर्यंत धुरकऱ्याने सरावाचा शर्ट धुवायचा नाही आणि तो दुसऱ्या कोणी अंगात घालायचा नाही. बैल त्या घामाच्या वासावर पळतो म्हणतात. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. जनावर वास ओळखतं, यात कसलं आलंय देवाचं!

संक्रांत होऊन गेली होती आणि नागपूरला वन-डे होती. ते मोठं स्टेडियम एकदा आतून पाहायचं, हे गजूचं आणि माझं शाळेपासूनचं वेड. एका ओळखीच्या माणसाने दोन पास दिले आणि मी पहाटेच गाडी घेऊन गजूच्या दारात उभा राहिलो. काका बैलांच्या कोठ्यासमोर शेणाची पाटी घेऊन उभे होते, चेहरा असा की पाटी आता माझ्याच अंगावर येते की काय.

"पट तोंडावर आला अन् तू म्याच पाह्याले जाऊन राह्यला? जोडी कोन पळवीन, तुया बाप?" काका म्हणाले.

"तुमीच तं हाये माहा बाप," गजू हसत गाडीत बसला. "एका दिवसानं काय होते? उद्या हाजीर होतो ना."

काकांना हसू आलं नाही. बाप-लेकांचं त्या सकाळचं बोलणं एवढंच.

वाटेत कळंबला चिंतामणीचं दर्शन घेतलं, तर्रीचा सामोसा खाल्ला. स्टेडियमच्या बाहेर गजूने निळी जर्सी विकत घेतली आणि शर्ट काढून तिथेच रस्त्यावर अंगात चढवली. मग आम्ही जिना चढून वर गेलो आणि एकदम समोर ते हिरवं मैदान आलं... टीव्हीवर शंभरदा पाहिलेलं. पण टीव्हीत ते एवढं मोठं नसतं हो! मी चाळिशीचा माणूस, पोरासारखा पुढे धावलो.

"एवढ्या जाग्यात पट भरवला तं काय मजा येईन बे," गजू म्हणाला.

मी आयुष्यात इतका खूश फार कमी वेळा झालोय. हे मुद्दाम लिहितोय, कारण त्या दिवसाचं एवढंच चांगलं माझ्याकडे आहे.

दुपार कलली होती. आमच्या बॅट्समनने चौकार मारला, सगळे उठले, ओरडले, बसले. गजू बसला आणि त्याचा उजवा हात सरळ पुढे झाला. मूठ आवळलेली, मनगट वर वळलेलं.

"कोनी ओढून राह्यलं," तो हळूच म्हणाला.

"बस ना बे, नाटक्या," मी म्हणालो.

आणि गजू गेला. दुसरा शब्द माझ्याकडे नाही. खुर्चीतून उठला नाही, उडी मारली नाही... हाताला धरून कोणी फेकावा तसा पुढच्या रांगेवरून गेला. ओली फांदी मोडावी तसा त्याच्या खांद्याचा आवाज आला. तो पडला एका दांडग्या माणसाच्या पाठीवर. त्याला वाटलं मीच ढकललं. त्याने वळून माझ्या तोंडावर असा ठोसा हाणला की ओठ फाटून तोंड रक्ताने भरलं. दुसरा हाणायला हात उचलला आणि तो तसाच वर राहिला, कारण गजू खाली घसरत चालला होता.

पालथा, हात पुढे, पायऱ्यांवरून. प्रत्येक पायरीवर हनुवटी आपटत होती. ओढणारं कोणी नव्हतं. मी आणि त्या दांडग्याने त्याचे पाय धरले, तर आम्ही दोघेही त्याच्यामागे फरफटलो. मग एका झटक्यात तो उताणा झाला. बरगड्यांखाली त्याच्या कुशीत खड्डा पडला. अहो, जर्सीवरून दिसला मला तो खड्डा! गजू जमिनीपासून वर उचलला गेला आणि खाली आपटला. परत उचलला, परत आपटला. त्याच्या तोंडातून रक्ताची गुळणी आली.

"सोडा बाबा... कासरा सोडा," तो ओरडला. कासरा म्हणजे बैलांचा दोर. त्यानंतर सगळं थांबलं.

नेमका तेव्हाच चेंडू सीमेपार गेला असावा. पलीकडचं अख्खं स्टेडियम उभं राहून नाचत होतं, भोंगे वाजत होते, आणि मी गजूची जर्सी वर करत होतो. जर्सीला एक धागा निघालेला नव्हता. आत बनियन लाल चिंब आणि कुशीत माझी दोन बोटं जातील एवढं भोक. मी तिथे हात दाबून धरला. त्याचं गरम रक्त माझ्या बोटांमधून येत होतं आणि मी त्याला शिव्या देत होतो, कारण मला दुसरं काही येत नाही.

अँब्युलन्समध्ये माझा फोन वाजतच होता. दवाखान्यात गजूला आत नेल्यावर मी उचलला. काकू होती.

"अरे, तुया काकाले तुफानानं मारलं," ती रडत होती. "वावरभर फरफटत नेलं. शिंगावर घेतलं. मी बांधावरून पाह्यलं रे. पन काहीच लागलं नाही त्यायले. उठून बसले, पानी मांगून राह्यले."

मी एवढंच विचारलं की काकांच्या अंगात काय होतं. तिने रडत रडत सांगितलं.

जोडी पळवायची तर होतीच, आणि तुफान जवळ येऊ देईना. म्हणून काकांनी खुंटीवरचा गजूचा सरावाचा शर्ट अंगात घातला होता. ज्यांनी आयुष्यभर ती रीत पाळली आणि पाळायला लावली, त्यांनीच. बैलाला वाटेल गजूच आहे, एवढाच हिशोब. कासरा हातून सुटू नये म्हणून मनगटाला गुंडाळून घेतला, जे गजू कधीच करत नसे. निम्म्या वावरात जोडी बिथरली.

थोड्या वेळाने सर्जन बाहेर आले. खेड्यात नोकरी केलेला माणूस असावा.

"कोणत्या शेतात झालं हे?" त्यांनी विचारलं.

"शेतात नाही, स्टेडियममध्ये. खुर्चीवर बसला होता."

ते माझ्या फाटलेल्या ओठाकडे पाहत राहिले. "बैलाच्या शिंगाची जखम मी ओळखतो," ते म्हणाले. त्यांनी एक स्टीलचं भांडं पुढे केलं. गजूच्या गुडघ्यांतून आणि हनुवटीतून काढलेली काळी माती होती त्यात, आणि पऱ्हाटीच्या खुंटाचे टोकदार तुकडे. कापूस निघाल्यावर वावरात जे उभे राहतात, ते.

पोलिसांनी साहजिकच मला बसवून ठेवलं. भावाभावांचं भांडण म्हणून. मग त्यांनीच कॅमेऱ्याचं चित्रीकरण पाहिलं आणि मला जाऊ दिलं. साहेब माझ्या नजरेला नजर देत नव्हते.

मी डोकं खूप चालवलं आहे. फिट आली असेल? फिटने कुशीत भोक पडत नाही. पायऱ्यांवर माती असेल? पऱ्हाटी कुठून येईल? शर्टाचा वास बैलाला फसवतो, हे मला समजतं. पण बैलाशिवाय आणखी कोण फसलं? की फसलं कोणीच नाही आणि गजूनेच... इथे येऊन माझी बीएस्सी संपते.

गजू वाचला. प्लीहा काढावी लागली आणि उजवा हात खांद्यापासून लोंबतो. आता तो परत कधी जोडी हाकणार नाही. शुद्धीवर आला त्या दिवशी काका आले. मी त्यांचा सदरा वर करून पाहिला, उघडच सांगतो. सत्तरीचा म्हातारा, बैलाने वावरभर ओढलेला, आणि अंगावर एक ओरखडा नाही.

ते गजूच्या पलंगाशी उभे राहिले.

"शिंग आत गेलेलं मले समजलं," काका म्हणाले. "गरम लागलं. पन दुखलं नाही." मग त्यांचा आवाज चढला, नर्स धावत आली इतका. "माहं होतं ते. माहं मरन होतं. तू काहून घेतलं?"

गजूच्या नाकात नळी होती. त्याने बापाकडे मान वळवली.

"मी कुठी घेतलं, बाबा," तो म्हणाला. "मी तं म्याच पाहून राह्यलो होतो."

काकांनी तिथेच, सगळ्या वॉर्डासमोर, स्वतःच्या थोबाडीत मारायला सुरुवात केली. दोन्ही हातांनी, जीव खाऊन. मी आणि वॉर्डबॉयने मिळून त्यांचे हात धरले तेव्हा त्यांचा गाल फुटला होता. तोंडावरून रक्त ओघळत होतं आणि ते माझ्याकडे पाहून विचारत होते, "आता दुखते. मंग तवा काहून नाही दुखलं?"

याचं उत्तर तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर मला सांगू नका, काकांना सांगा. ते अजून विचारतात.